यात्रेतलं एकमेव हिरवं घर

कुमार फ्लेक्सवाल्याने आयुष्यात कधी रिकामी जागा सोडली नव्हती. शहापुरात साड्यांच्या दोन दुकानांमधल्या बोळात त्याचं दुकान. वाढदिवस असो, एकसष्टी असो, नाहीतर नवीन ट्रॅक्टर घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन असो, कुमारच्या बोर्डावर बोट टेकवायला जागा मिळायची नाही. वर देव, मधे उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, आणि चेहऱ्यांच्या मधे जी फट उरेल तिच्यात फुलं, वाघ किंवा उगवता सूर्य. धंद्याचा नियमच होता तसा. बोर्डावर जागा मोकळी दिसली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुकानात येऊन विचारायचं, "एवढी जागा हुती तर माझा फोटो का टाकला न्हाईस रं?"

अशा माणसाला मंजुश्री मॅडमनी क्लासच्या पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, रिकामी जागा हेसुद्धा डिझाइनच असतं." कुमारने ते वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला अन्न गोड लागलं नाही.

क्लास टिळकवाडीत, शनिवार-रविवार. मोबाइलवरची पानं आणि बटणं कशी असावीत, माणसाला ती न अडखळता कशी वापरता यावीत, याचं शिक्षण. बाकी सगळी मुलं कॉलेजातली. कुमारच्या डोक्यावर केस कमी आणि पदरात संसार. तो तिथे पोहोचला त्याला कारण एक बारशाचं जेवण. तिथे पुण्याच्या एका पाहुण्याने त्याला "आपण काय करता?" असं विचारलं. कुमार म्हणाला, "डिझायनर." "कसले?" "फ्लेक्सचे." "हां हां, बोर्डवाले!" असं म्हणून पाहुणा जिलेबीकडे वळला. तो 'बोर्डवाले' कुमारच्या छातीत जो रुतला तो रुतला. शिवाय हल्ली लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा मोबाइलवरच फुकटात द्यायला लागले होते, आणि वाघांना पूर्वीसारखी मागणी राहिली नव्हती.

दोन-चार शनिवार झाले आणि कुमारला जगात सगळीकडे खोट दिसायला लागली. बँकेचं दार ओढायचं असून ढकलावंसं का वाटतं, शेजारच्या नागुबाई आक्कांच्या घराची बेल दिव्याच्या बटणाशेजारी का आहे, यावर तो उभ्या उभ्या बोलू लागला. घरी बायकोला, माधवीला, त्याने समजावलं, "वापरणाऱ्याला त्रास होता कामा नये. एवढंच शास्त्र हाय हे."

"मग आधी त्या गॅसच्या बटणाकडं बघा," माधवी म्हणाली. "कवापास्नं उलटं फिरतंय. मी वापरणारीच हाय न्हवं?"

कुमारने तिच्याकडे दयेने पाहिलं. शास्त्र मोठं होतं आणि गॅस लहान होता.

क्लासच्या शेवटी प्रत्येकाने एक खरा प्रकल्प करायचा होता. खऱ्या माणसांची खरी अडचण शोधायची आणि ती सोडवायची. पोरांनी पिझ्झा, टॅक्सी आणि सिनेमाची तिकिटं घेतली. कुमारला अडचण शोधायला घराबाहेर जायची गरज नव्हती. ती घरातच, पुढच्या सोप्यात, खुर्चीवर बसलेली असायची. ती म्हणजे त्याचे वडील, सुबराव आप्पा.

धामणगट्टीची लक्ष्मीची यात्रा दरवर्षी येत नाही. मधे इतकी वर्षं जातात, की गेल्या यात्रेत रांगणाऱ्या पोरी या यात्रेत भाकऱ्या थापतात. आणि यात्रेच्या जेवणाच्या दिवशी गावचा रिवाज असा, की दारात येईल त्याला पानावर बसवायचं. तुम्ही ऑफिसातल्या एकाला बोलावता, तो चौघांना आणतो, त्यातला एक आपला साडू आणतो, आणि साडूबरोबर कोण असतं ते साडूलाही ठाऊक नसतं. घरमालकाने फक्त म्हणायचं, "बसा, बसा, वाढा रं हितं."

तर गेल्या यात्रेत सुबराव आप्पांच्या घरात, पंगत बसलेली असताना, भात सरला.

बास, एवढंच. कोणी मेलं नाही, कोणी पळून गेलं नाही. पण त्या दिवसापासून धामणगट्टीत लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो, समोरच्या घरातले जोतिबाकाका आचाऱ्याला हटकून सांगायचे, "भाताचं नीट बघ बाबा. न्हायतर सुबरावच्या घरावानी व्हायचं." आणि सुबराव आप्पा तिथेच असले तर चपलांकडे बघत राहायचे. जोतिबाकाका आणि आप्पा एका वर्गातले. आता जोतिबाकाका यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते, यात्रा तोंडावर आली होती, आणि आप्पांची झोप उडाली होती.

कुमारने या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आपलं घर बसस्टँडवरून येताना पहिल्या गल्लीत. पाहुणे उतरतात, भुकेजलेले असतात, आणि पहिल्या दोन-चार घरांत शिरतात. मागच्या गल्लीतली घरं माश्या मारत बसतात. म्हणजे दोष आप्पांचा नव्हता, भाताचाही नव्हता. कुठे जागा आहे हे पाहुण्याला कळत नाही, हा खरा दोष होता. मग कळवा! मोबाइलवर गावचा नकाशा. प्रत्येक घराला एक ठिपका. घरात जागा असेल तर हिरवा, गर्दी असेल तर तांबडा. घरमालकाने आपल्या फोनवर फक्त बटण दाबायचं, पाहुण्याने हिरवं घर बघून जायचं. सगळ्यांना सारखे पाहुणे, कोणाचा भात सरणार नाही. कोड न लिहिता ॲप बनवायची सोय क्लासमध्ये शिकवलीच होती. नाव ठेवलं 'पंगत'.

"आप्पा, यंदा भात सरणार न्हाय," कुमारने छाती पुढे काढून जाहीर केलं.

आप्पांनी बराच वेळ फोनकडे बघितलं. "दोन पोती जास्त आणून टाकली असती की रं," ते म्हणाले.

देवळात कमिटीची बैठक भरली. जोतिबाकाकांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, "ह्यात कमिटी कुठं हाय?"

"कमिटी न्हाय काका. हा नकाशा हाय."

"देवी तरी हाय का?"

"न्हाय, म्हंजे, वापरणाऱ्याला पयल्यांदा घर सापडलं पायजे..."

"देवीच्या यात्रंचं ॲप, आणि त्यात देवी न्हाय, अध्यक्ष न्हाय, उपाध्यक्ष न्हाय. मग उघडायचं तरी कशाला?" काकांनी सभेला विचारलं आणि सभेने मान डोलावली. आणखी एकाने मुद्दा काढला, की वरती एवढी जागा मोकळी सोडलीय ती कोणासाठी? कुमारने 'मोकळ्या जागेचं महत्त्व' या विषयावर पाचेक मिनिटं भाषण केलं. ते संपल्यावर त्या जागेत देवी, देवीखाली जोतिबाकाका, आणि दोन्ही बाजूंना उपाध्यक्ष व खजिनदार बसले. नकाशा बराच खाली गेला. आयुष्यभर कुमारने लोकांच्या बोर्डांवर जे पेरलं होतं ते आता त्याच्याच ॲपवर उगवलं होतं.

मग कोणीतरी म्हणालं, पंचायतीची परवानगी काढा, उगाच नंतर भानगड नको. कुमार पंचायतीत गेला. तिथल्या साहेबांनी फोन बघितला आणि कन्नडमध्ये विचारलं, "इदु बोर्डा?"

"अल्ल सर, ॲप."

साहेब विचारात पडले. भला माणूस, पण नियमात अडकलेला. ॲपला परवानगी द्यायचा अर्ज त्यांच्या कपाटात नव्हता, बोर्डाला परवानगी द्यायचा होता. "हिंगं करू या," ते धारवाडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "तुम्ही ह्येला बोर्ड समजा. बोर्ड म्हणून अर्ज द्या. कन्नड वर पायजे, मोठं पायजे. आणि बोर्डाचा नमुना जोडा, खऱ्या मापाचा."

"सर, ह्येची खरी मापं म्हंजे तळहाताएवढी..."

"तळहाताएवढा बोर्ड असतो काय वो?"

कुमार दुकानात परतला आणि त्याने आपल्या ॲपचं एकेक पान फ्लेक्सवर छापलं. दाराएवढं! आणि खोटं कशाला सांगायचं, मशीनमधून ती पानं सरसरत बाहेर आली तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. पंचायतीच्या व्हरांड्यात त्याने फ्लेक्स उलगडले. साहेबांनी कन्नड अक्षरं वर आहेत याची खात्री केली, मग इकडेतिकडे बघून हळूच हिरव्या बटणावर बोट दाबलं. काहीच झालं नाही तेव्हा ते जरा हिरमुसले, पण सही दिली.

आता एवढे फ्लेक्स छापलेच आहेत तर वाया कशाला घालवायचे? मॅडमनी शिकवलंच होतं, की ॲप लोकांच्या हातात देण्याआधी कागदावर चाचणी घ्यावी. माणसाने बटण दाबलं की आपण कागद बदलायचा, म्हणजे कॉम्प्युटरचं काम आपणच करायचं. कुमारने देवळापुढच्या दोन खांबांना दोरी बांधली, तिच्यावर सगळी पानं एकावर एक टांगली आणि स्वतः मागे बांबू घेऊन उभा राहिला. कोणी बटणावर बोट ठेवलं, की तो मागून बांबूने वरचं पान उचलायचा आणि खालचं दिसायचं. कोणी 'मागे' दाबलं, की उचललेलं पान धप्पकन खाली यायचं. गावात त्या आठवड्यात दुसरी करमणूक नव्हती. देवळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत रांग लागली.

पहिला मान नागुबाई आक्कांचा. "आक्का, वापरता वापरता मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं," कुमार फ्लेक्समागून ओरडला. ही पद्धत इतर ठिकाणी लोकांना शिकवावी लागते म्हणे.

"व्हय का? मग ऐक," आक्का बोट रोखून म्हणाल्या. "ही देवी. देवी बरी काढलीयस. हा जोतिबा. ह्येचा फोटो जुना हाय, आता ह्येच्या डोसक्यावर एवढं केस न्हायत. हे माझं घर. आणि माझ्या घरापुढं जोतिबानं जी गटार वळवलीया ती न्हाय दावलीस ती?" रांगेत मागे जोतिबाकाका उभे होते. गटारीवर चर्चा झाली. कॉम्प्युटर बांबू घेऊन मागे उभाच राहिला. चर्चा संपली तेव्हा आक्कांनी जोरात तांबडं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "आमच्यात गर्दी!"

पाठोपाठ जोतिबाकाका आले. त्यांनी नकाशाकडे बघितलंही नाही, तांबडं दाबलं. तिसऱ्याने तांबडं, चौथ्याने तांबडं. दुपारपर्यंत सगळ्या गावाने येऊन त्या तांबड्या बटणाला खळगा पाडला. कुमारच्या खांद्यात कळा यायला लागल्या, पण मन हवेत होतं. कोणी अडखळलं नाही, कोणी विचारलं नाही! बटण इतकं सुंदर जमलं होतं, की आंधळ्यालाही सापडावं.

रात्रीच्या जेवणाला त्याने हे रंगवून सांगितलं. माधवी भाकरी उलटता उलटता थांबली. "हिरवं कुणीच दाबलं न्हाय व्हय?"

"न्हाय. पण तांबडं कसं पटापट सापडलं, ते बघ की!"

"सापडलं ते ठीक. पण सगळ्यांनी तेच का दाबलं?"

नेमकं हेच रविवारी मंजुश्री मॅडमनी विचारलं. "का दाबलं, ते विचारलं का तुम्ही?" कुमारला दोघींचीही थोडी कीव आली. दिसलं म्हणून दाबलं, आणखी काय विचारायचं? त्याने मॅडमना यात्रेचं आमंत्रण दिलं आणि म्हणाला, "मॅडम, आता प्रत्यक्षच बघा."

धामणगट्टीत कोणत्याही शेंबड्या पोराने त्याला कारण सांगितलं असतं. यात्रेच्या दिवशी ज्याच्या अंगणात चपलांचा ढीग, तो मोठा. 'या, जागा आहे' असं जगाला कळवणं म्हणजे 'आमच्याकडं चिटपाखरू फिरकलं न्हाय' अशी दवंडी पिटणं. कुमारही त्याच मातीतला, पण त्या महिन्यात तो मातीपासून जरा वर चालत होता.

यात्रेचा दिवस उजाडला. जोतिबाकाकांच्या घराचा ठिपका चूल पेटायच्या आधीच तांबडा झाला. तो बघून नागुबाई आक्कांनी लगेच आपला केला. तो बघून गल्लीने केला, आणि गल्ली बघून पलीकडच्या गल्लीने. कुमारने फोन उघडला तर नकाशावर संकेश्वरी मिरच्या वाळत घातल्यासारखा सगळा गाव लालेलाल, आणि त्यात एकच ठिपका हिरवागार. सुबराव आप्पांचं घर.

"तुमी पन तांबडं करा," माधवी म्हणाली. तिच्या माहेरची सगळी मंडळी निपाणीहून यायची होती. लग्नानंतरची ही पहिलीच यात्रा. तिला काही कमी पडू द्यायचं नव्हतं.

"आपल्यात कोण आलंय आत्ता? खोटी माहिती द्यायची? आणि ती बी डिझायनरनं?"

"कर रं बाबा तांबडं," आप्पा भाताच्या डेगीपाशी बसून म्हणाले. सकाळपासून ते एकेका डेगीचं झाकण उचलून आत बघत होते आणि परत ठेवत होते. पण कुमार ऐकेना. सगळ्या गावात एक तरी माणूस खरं बोलणारा असावा, आणि तो आपण असावा, असं त्याला फार वाटलं.

गावाच्या तोंडाशी त्यानेच लावलेला फ्लेक्स होता: 'जेवायला कुठे जायचं? इथे स्कॅन करा.' बेळगावहून, खानापुराहून, पार गुंजीहून आलेली माणसं गाड्या लावायची, फोन काढायची आणि स्कॅन करायची. शहरातली शिकलेली माणसं. तांबडं दिसलं की कोणाला त्रास द्यायला नको म्हणणारी. ती सगळी शहाण्यासारखी त्या एका हिरव्या ठिपक्याकडे निघाली.

नागुबाई आक्का उंबऱ्यात उभ्या राहून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारत होत्या. "या की वो! या जेवायला!"

"नको आक्का," त्यांच्याच मुलाच्या ऑफिसातली माणसं हात जोडून म्हणाली, "तुमच्यात लई गर्दी हाय."

"कुठाय गर्दी? हे बघा की अंगण!"

त्यांनी रिकाम्या अंगणाकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. "हितं तांबडं दावतंय की," ते म्हणाले आणि पुढे गेले. डोळ्यांवर विश्वास ठेवायचे दिवस गेलेत, हे आक्कांना त्या दिवशी कळलं.

इकडे पहिली पंगत उठायच्या आत दुसरी उभी, दुसरी बसते तोवर तिसरीचे लोक भिंतीला पाठ लावून ताटकळलेले. अंगणात चपलांवर चपला. माधवीचा भाऊ रविराज निपाणीहून इस्त्रीचा शर्ट घालून आला, त्याला कोणीतरी रश्शाची बादली दिली, आणि मग त्याला कोणी बसूच देईना. "भावजी, मी पाव्हणा हाय का वाढपी?" त्याने जाता जाता विचारलं, पण उत्तर ऐकायला थांबायची सोय नव्हती. जोतिबाकाकांच्या मुलीचे सासरे, महादेवराव, सहकुटुंब आले आणि कुमारच्या सोप्यात बसले. "व्याह्यांच्यात मरणाची गर्दी दावतंय," ते समजूतदारपणे म्हणाले. "त्यांना कशाला त्रास. हितं जेवतो, मग चहाला जातो तिकडं."

"अवो, आता तरी तांबडं करा!" माधवी रडकुंडीला आली होती.

कुमारने तांबडं बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'नक्की का?' चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून असं विचारावं, हे तो क्लासमध्ये शिकला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता. त्याने 'होय' दाबलं. मग एक चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. एवढी माणसं एका गावात फोन घेऊन आल्यावर नेटवर्क कुठलं राहायला! ठिपका हिरवा तो हिरवाच. शेवटी तो रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "आमच्यात गर्दी हाय! लई गर्दी हाय!"

"किती साधा माणूस," येणारे एकमेकांना म्हणाले आणि आत गेले.

तेवढ्यात मंजुश्री मॅडमही आल्या. त्या मागच्या गल्लीतून चालत आल्या होत्या, रिकाम्या अंगणांतून ओढून नेणाऱ्या हातांना चुकवत. त्यांनी सोपा बघितला, माडी बघितली, गोठ्यात बसलेली पंगत बघितली. "कुमार सर," त्या म्हणाल्या, "तुमचे सगळे यूजर एकाच घरात कसे काय?"

त्याच वेळी कुमारला स्वयंपाकघराच्या दारात आप्पा दिसले. शेवटच्या डेगीशी उभे, हातात झाऱ्या, आणि डेगीच्या तळाला झाऱ्या घासल्याचा आवाज. सोप्यात पंगत बसलेली होती. पत्रावळी मांडलेल्या होत्या. आप्पांनी मान वर केली नाही. सगळ्या शास्त्राचं, सगळ्या फ्लेक्सचं काय झालं, तर ज्या माणसाची लाज राखायला निघालो त्याच्याच घरावर सगळा गाव आणून घातला. जमिनीने पोटात घ्यावं असं कुमारला वाटलं, पण जमिनीवरही पाहुणे बसले होते.

तेव्हा मागचं दार वाजलं.

नागुबाई आक्का होत्या. कडेवर भाताचं पातेलं, वर पदर टाकलेला. "आमच्यात एवढी गर्दी झालीया," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "पातेलं ठेवायला जागा उरली न्हाय. म्हटलं तुमच्यात ठेवावं. सांडलं तर सांडू दे." माधवीने पातेलं घेतलं. आक्का वळतात तोच मागच्या बोळात पलीकडच्या घरचे परशराम भाताचं घमेलं घेऊन उभे. त्यांच्यातही पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. त्यांच्यामागे आणखी दोघी. बोळात सगळे एकमेकांना बघून चपापले, मग प्रत्येकाने आपापल्या घरची गर्दी सांगायला सुरुवात केली, आणि ज्याचं पातेलं जास्त भरलेलं त्याची गर्दी जास्त मोठी निघाली. केलेलं अन्न यात्रेच्या दिवशी घरात पडून राहणं म्हणजे केवढी नामुष्की ते सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या दाराने माणसं येत होती, मागच्या दाराने भात. रविराज ओरडला, "वाढा रं! भात येऊ द्या!" आणि भात येतच राहिला.

शेवटी जोतिबाकाका आले. बरोबर दोन माणसं, बांबूला बांधलेली सगळ्यात मोठी डेग, वर धुतलेलं धोतर झाकलेलं. कमिटीच्या अध्यक्षाच्या घरची डेग, अजून झाऱ्याही न लागलेली. काकांनी घसा साफ केला. "सुबराव, काय सांगू, आमच्यात नुसती झुंबड..."

आप्पांनी डेगीवरचं धोतर जरासं उचललं. आत बघितलं. परत झाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, पण कुमारने वडिलांना इतक्या वर्षांत एवढं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"जेवलास का?" आप्पांनी विचारलं.

"कुठलं रं, एवढ्या गर्दीत..."

"मग बस की." आप्पांनी त्यांचा दंड धरला आणि भर सोप्यात, व्याही महादेवरावांच्या शेजारी मोकळ्या झालेल्या पानावर नेऊन बसवलं. महादेवराव उठता उठता पुन्हा बसले, व्याह्यांना सोबत म्हणून. आप्पांनी स्वतः झाऱ्या घेतला आणि आत्ताच आलेल्या डेगीतला वाफाळता भात जोतिबाकाकांच्या पानावर वाढला.

महादेवरावांनीही थोडा घेतला. "व्वा!" ते म्हणाले. "भात काय मोकळा झालाय! आमच्या व्याह्यांनाच विचारा, असा भात कधी खाल्लावता?"

जोतिबाकाकांनी स्वतःच्या घरचा भात तोंडात घातला, आणि चावत राहिले. पंगत त्यांच्याकडे बघत होती. "न्हाय," ते शेवटी म्हणाले.

"मग घे की," आप्पांनी दुसरा झाऱ्या ओतला. "लाजतोस कशाला? आपलंच घर हाय."

"बास, सुबराव."

"असं कसं? यात्रा हाय." तिसरा झाऱ्या पडला. पानाच्या कडा दिसेनाशा झाल्या. स्वयंपाकघराच्या दारात माधवी पदर तोंडाला लावून उभी होती, तिच्यामागे नागुबाई आक्का, आणि त्यांच्यामागे भाताची पातेली घेऊन आलेला सगळा बोळ. आप्पांनी चौथा झाऱ्या भरला. जोतिबाकाकांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"आरं बास की सुबराव!" ते कळवळून म्हणाले. "भात लई झाला!"

आप्पांनी झाऱ्या हवेतच धरला आणि कानाला हात लावून ते थोडे खाली वाकले.

"काय म्हणालास, जोतिबा?" त्यांनी विचारलं. "गर्दीत ऐकू आलं न्हाय. जरा मोठ्यानं सांग."